लाल चौकोनाखालची शाई

एकदा एक चित्रकर्ती बऱ्याच वर्षांनी आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी परत आली.

ही गोष्ट कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावरची. तिथे ओहोटी लागली की समुद्र पार दिसेनासा होतो आणि मागे राखाडी चिखलाचे अफाट मैदान उघडे पडते. किनाऱ्यावरची माणसे त्या चिखलात दूरवर चालत जातात, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या गोळा करतात आणि भरतीची चाहूल लागताच माघारी फिरतात. ओक्जू, म्हणजे आपली चित्रकर्ती, अशाच एका घरातली मुलगी. कोवळ्या वयात ती जवळच्या टेकडीवर राहणाऱ्या गुरुजींकडे शाईचे चित्र शिकायला जाऊ लागली. पाट्यावर चंदन उगाळावे तशी दगडावर शाईची कांडी उगाळायची, तुतीच्या सालीचा कागद अंथरायचा आणि श्वास सांभाळत कुंचला टेकवायचा. एकदा टेकलेली शाई परत घेता येत नाही. बांबू, पाइन, धुक्यातले डोंगर हे सारे तिच्या बोटांत उतरले ते त्या टेकडीवर.

पुढे ती पॅरिसला गेली. तिथे तिने निराळेच शिक्षण घेतले. चित्रात डोंगर असायलाच हवा असे नाही, नुसता एक रंग, एक रेघ, एक रिकामी जागाही माणसाला हेलावून टाकू शकते, हे तिला तिथे उमगले आणि ते तिला मनापासून पटले. पण सुख लाभले नाही. तिथले लोक तिच्या चित्रांपुढे उभे राहून विचारत, "यात तुमचा देश कुठे आहे?" मायदेशी चित्रे आली, तर इथले जाणकार मान हलवत, "हात आपला आहे, चित्र मात्र परक्याचं." दोन्ही घरांत ती पाहुणीच राहिली.

शेवटी राजधानीतल्या एका चित्रव्यापाऱ्याने तिला मार्ग सुचवला. "दोन्ही दाखवा," तो म्हणाला. "एकीकडे पाइन, दुसरीकडे रंगाचा चौकोन. आलेल्या माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे की इथे पूर्व आणि पश्चिम भेटलेत." ओक्जूने तशी चित्रे केली. डाव्या बाजूला शाईतला डोंगर, उजव्या बाजूला ट्यूबमधल्या दाट रंगाचा लाल, पिवळा, निळा चौकोन. व्यापारी खूश झाला. प्रदर्शनाची जागा ठरली, निमंत्रणे छापली गेली. चित्रे ताब्यात घ्यायला तो स्वतः गावी येणार होता. त्याआधी गुरुजींचा आशीर्वाद घ्यावा म्हणून ओक्जू टेकडी चढली.

गुरुजी आता फार थकले होते. त्यांनी तिला बसवले, चहा दिला, आईची खुशाली विचारली. मग म्हणाले, "दाखव पाहू."

ओक्जूने चित्रे भिंतीला टेकवून ओळीने मांडली. गुरुजी काठी टेकत उठले, एकेका चित्राजवळ गेले आणि त्यांनी प्रत्येक चित्र उलटे फिरवले, चेहरा भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे. मग ते आपल्या जागी येऊन बसले आणि त्या पाठी निवांत न्याहाळू लागले.

ओक्जूचा चेहरा उतरला. लहानपणी चुकलेले चित्रदेखील गुरुजींनी कधी असे झिडकारले नव्हते.

"एवढी वाईट आहेत?" तिने विचारले.

"अजून ठरवलं नाही. पाहतोय."

"गुरुजी, चित्र पलीकडे आहे."

"पलीकडचं तू मला दाखवायला केलंस. इकडचं आपोआप झालंय. आधी हे पाहू दे."

तिनेही नाइलाजाने पाहिले. कागद पातळ होता. शाई त्याच्या धाग्याधाग्यांत मुरून मागच्या बाजूला उतरली होती. डोंगरांच्या फिकट सावल्या दिसत होत्या. चौकोनांचा मात्र मागमूस नव्हता. दाट रंग कागदाच्या वरच राहिला होता.

ओक्जूच्या मनात कटुता दाटून आली. "समजलं," ती म्हणाली. "शाई आपली, ती मुरते. रंग परका, तो वरच राहतो. म्हणजे मी तिकडे घालवलेली वर्षं फुकट गेली, असंच ना?"

गुरुजींनी काठीने शेवटच्या चित्राकडे खूण केली. "ते जरा जवळ आण."

त्या चित्राच्या पाठीवर जिथे कोरा कागद असायला हवा होता, तिथे काहीतरी होते. शाईचा एक रुंद, आडवा पट्टा. खाली जवळजवळ काळा, वर जाताना राखाडी, आणखी वर इतका विरळ की तो कुठे संपतो ते कळेना. पुढच्या बाजूने त्याच जागी मोठा लाल चौकोन होता.

"हे काय आहे?"

"ते बिघडलं होतं. म्हणून वर लाल रंग दिला."

"काय काढत होतीस?"

ओक्जू त्यांच्याजवळ खाली बसली. मग जी गोष्ट तिने पॅरिसमध्ये कुणाला सांगितली नव्हती आणि घरीही काढली नव्हती, ती तिने गुरुजींना सांगितली. तिचे वडील आईबरोबर चिखलात तिसऱ्या काढायला गेले होते. अचानक धुके उतरले. आई किनाऱ्याला लागली, वडील दिशा चुकले, आणि भरती आली. ओक्जूला पॅरिसमध्ये निरोप मिळाला. ती पोचली तेव्हा अंत्यविधी उरकले होते. आई एका शब्दाने तिला बोलली नाही, रागे भरली नाही, आणि त्या दिवसाविषयीही कधी काही बोलली नाही. तेव्हापासून मायलेकींमध्ये जेवणखाण आणि तब्येत यांखेरीज विषयच उरला नव्हता.

"मी एकटीच किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले होते," ओक्जू म्हणाली. "धुकं तसंच होतं. चिखल कुठे संपतो, पाणी कुठे लागतं, आभाळ कुठे, काहीच कळत नव्हतं. तेच काढायला बसले होते. पण त्यात ना डोंगर, ना होडी, ना माणूस. तुम्ही शिकवलेल्या चित्रासारखं ते दिसेना. तिकडच्यांसारखंही दिसेना. मला भीती वाटली. कुणाचंच नाही असं काय दाखवायचं? म्हणून झाकलं."

गुरुजींनी ते चित्र मांडीवर घेतले. त्यांनी त्या पट्ट्यावरून बोटे अलगद फिरवली.

"ओक्जू, एवढं रिकामं चित्र मी तुला शिकवलेलं नाही. मला ते येतही नाही. माझ्या हातून इथे एखादी होडी नक्की आली असती. डोंगराशिवाय चित्र उभं राहतं, हे धाडस तू तिकडून आणलंस. आणि ही शाई इतकी सावकाश विरघळवणं तू इथे शिकलीस. आता या पट्ट्यात इथलं कुठे संपतं आणि तिकडचं कुठे सुरू होतं, ते मला बोट ठेवून दाखव."

ओक्जूने पाहिले. बोट ठेवायला जागा नव्हती.

"बाकीच्या चित्रांत तू दोन देश शेजारी बसवलेस. ते एकमेकांशी बोलत नाहीत, फोटोला उभे राहिल्यासारखे उभे आहेत. इथे तुला बसवायला वेळच मिळाला नाही. वडील गेले होते. तू जी होतीस तशी कागदावर उतरलीस. माणूस दुःखात असतो तेव्हा आपण कुठल्या परंपरेचे, असं विचारून रडत नाही. पॅरिसची वर्षंही तुझ्यात मुरली आहेत, पोरी. ती परकी नाहीत. त्यांना वेगळा चौकोन कशाला देतेस?"

एवढे बोलून ते थांबले. त्यांना धाप लागली होती. ओक्जूने त्यांना पाणी दिले आणि त्यांच्या पायाशी मान खाली घालून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी गाडी घेऊन आला. ओक्जूने त्याला सांगितले की ही चित्रे ती देऊ शकत नाही.

"निमंत्रणं गेलीत," तो हताशपणे म्हणाला. "मग काय टांगू मी?"

"माझ्याजवळ अजून काही नाही. कधी होईल, तेही सांगता येत नाही."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिला समजावून पाहिले, मग रागावला, मग जाता जाता म्हणाला, "अशी संधी मी पुन्हा देऊ शकेन असं वाटत नाही." आणि खरोखरच ती जागा दुसऱ्या चित्रकाराला गेली. जाणकारांच्या मंडळीत ओक्जू बेभरवशाची ठरली. याचे तिला दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. कित्येक दिवस तिला कुंचला हातात धरवेना.

मग एका सकाळी ती ओहोटीच्या वेळी चिखलात उतरली. भरती यायच्या आत परतली आणि गुरुजींच्या घरातल्या मागच्या खोलीत शाई उगाळायला बसली. पहिले कागद वाया गेले. कधी शाई फार लवकर वाळे, कधी तिचा जुना हात आपसूक एखादी होडी काढून बसे. तिने कागद दोन्ही बाजूंनी भिजवून पाहिला, मागून शाई देऊन ती पुढे झिरपू दिली, हाताऐवजी पाण्याला काम करू दिले. हिवाळा असाच गेला. गुरुजी अधूनमधून येऊन बसत, चहा घेऊन परत जात.

बर्फ वितळू लागले त्या सुमारास एक चित्र झाले. उभ्या माणसाएवढे उंच, बहुतेक सारे राखाडी, तळाशी ओल्या काळोखाचा थर. ओक्जू ते गुंडाळून आईच्या घरी घेऊन गेली. ते चांगले आहे की नाही, हे विचारण्यासाठी ती गेली नव्हती. ते दुसऱ्या कुणी आधी पाहावे, असे तिला वाटले नाही, इतकेच.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ओक्जूने चित्र भिंतीवर टांगले. आई उभी राहिली. मग ती हळूच खाली बसली.

"तू तर तिथे नव्हतीस," ती म्हणाली.

"नव्हते, आई."

"असंच होतं." आई म्हणाली. "माझा हात होता त्यांच्या हातात. मी घसरले, तेव्हा सुटला. मी हाका मारत होते. तेही ओ देत होते, पण आवाज कुठून येतोय तेच कळत नव्हतं. सगळीकडून येत होता."

ओक्जू तिच्याजवळ सरकली. आई सांगत राहिली. त्या दिवशी सकाळी ते काय जेवले, कशावरून हसले, निघताना कोणती टोपी शोधत होते, सारे काही. इतकी वर्षे मनात कोंडलेले सारे ती सांगत होती आणि लेक ऐकत होती. स्वयंपाकघरात चहा निवून गेला, तरी दोघी उठल्या नाहीत.

समोरचे चित्र पूर्वेचे की पश्चिमेचे, हा प्रश्न त्या दुपारी त्या घरात कुणालाही पडला नाही.