पाळणा घासायचं मशीन

“गोल फिरणारं घेऊ, की पट्ट्याचं?”

केरोबुवांनी मान वर केली नाही. ओसरीवर मांडी घालून ते चिंचा फोडत होते. गर परातीत, चिंचोके सुपात.

“काय गोल फिरणारं?”

“सँडर, बुवा. लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन. हातात धरायचं असतं. गेल्या वेळी मी बोलले नव्हते का?”

“बस आधी.”

त्यांनी चिकट बोटानं कोपऱ्यातली लाकडी पेटी दाखवली. शाल्मली बसली. बसली म्हणजे काय, टेकली.

मेढ्याच्या अलीकडे, वेण्णेच्या काठाला हा मठ होता. एक खोली, एक ओसरी, एक चिंच आणि बुवा, एवढाच मठ. शाल्मली साताऱ्याची. इंजिनिअर झालेली, आणि कुणाचं ऐकून न घेणारी. घरातल्या वडीलधाऱ्यांशी दुसऱ्या वाक्याला तिचं वाजायचं. बुवांकडे ती टिकली, कारण बुवा उपदेश करत नसत.

आज मात्र तिला उपदेशच हवा होता. आणि तोही लवकर.

“ऐका. पट्ट्याचं मशीन जोरकस असतं, पण पातळ फळीला बघता बघता खड्डा पाडतं. गोल फिरणारं चांगलं, पण जरा दाबलं की लाकडावर वेटोळी उमटतात. तळहातात मावणारं चौकोनी असतं, ते हलकं, पण त्याला दम नाही. आणि एक असतं इस्त्रीसारखं, पुढे टोक असलेलं. ते कोपऱ्यात जातं.”

“मग ते घे.”

“ते कोपऱ्यातच जातं, बुवा!”

“मग दुसरं घे.”

“कुठलं, तेच तर विचारतेय!”

बुवांनी एक चिंच उचलली, टरफल सोललं, शिरा ओढून काढल्या.

“घासायचंय काय?”

“पाळणा.”

त्यांचा हात जरासा थांबला.

“कुणाचा गं?”

“ताईच्या बाळाचा.”

“बाळ झालं?”

शाल्मलीनं मांडीवरचा मोबाईल उलटा करून बघितला आणि पुन्हा पालथा ठेवला.

“नाही अजून.”

ओसरीवर चिंचेचा आंबूस वास भरून राहिला होता.

“कधीपासून निवडतेयस हे मशीन?”

“संक्रांतीपासून. तुम्हाला काय वाटतं, सोपं आहे? प्रत्येकाचा व्हिडिओ बघितलाय मी. एक माणूस एकाला चांगलं म्हणतो, दुसरा त्यालाच शिव्या घालतो.”

“आणि पाळणा?”

“पाळणा तयार आहे. मी केलाय. कापणं, सांधे, दांड्या, सगळं मी. घासायचाच राहिलाय फक्त.”

“संक्रांतीपासून.”

“चुकीचं मशीन घेतलं आणि एखादं कुसळ राहिलं तर? बाळ कठड्याला तोंड लावतं. हात फिरवतं. तेव्हा कोण जबाबदार?”

“मागं लोक पाळणे कसे घासत असतील?”

“झालं! उत्तर येत नसलं की म्हातारी माणसं प्रश्न विचारतात.”

“खरंय,” बुवा म्हणाले. “मला येत नाही.”

भांडायची तयारी करून यावं आणि समोरच्यानं दारच उघडं टाकावं, तसं झालं. ती पेटीवर सरकून बसली. पाय हलवत राहिली. मोबाईल सुलटा केला, पालथा केला.

“घरात काय म्हणतात?” बुवांनी विचारलं.

“घरात? घरात म्हणतात, बाळ यायच्या आधी पाळणा करू नये. आणूही नये. आधी बाळ, मग पाळणा. मावशी म्हणते, आत्या म्हणते, शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणतात. मी आईला सांगितलं, सगळ्यांच्या देखत सांगितलं. आई, लाकूड आहे ते. सागवान. घरात बाळ आहे की नाही, ते त्याला कसं कळणार?”

“बरोबर सांगितलंस.”

“हो ना?”

ती एवढ्या घाईनं ‘हो ना’ म्हणाली की तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

“आईचंही समजतं मला,” ती हळू आवाजात म्हणाली. “ताईचं आधीचं गेलं. आठव्यात. त्या वेळी मावशीनं आधीच दुपटी शिवून ठेवली होती. ती दुपटी अजून कपाटात आहेत. पण म्हणून काय दुपट्यांनी…”

ती पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“आता कितवा?”

“आठवाच.”

बुवांनी परात बाजूला सरकवली.

“परवा बीपी वाढलं तिचं. पाय सुजले. दवाखान्यात घातलंय. डॉक्टर म्हणतात, थांबता आलं तर थांबू, नाहीतर बाळ आधी काढावं लागेल. आई आहे तिथं. एकालाच थांबू देतात.”

“आई काय म्हणाली?”

“कशाबद्दल?”

“पाळण्याबद्दल.”

“काहीच नाही.” शाल्मलीचा आवाज चढला. “काल कपडे न्यायला घरी आली. पाळण्याकडे नुसतं बघितलं. पिशवी भरली आणि गेली. बोलली असती तर मी भांडले असते की! पण ती बोललीच नाही…”

चिंचेवर कावळा ओरडला. ती दचकली आणि दचकल्याचा तिला राग आला.

“कुठाय पाळणा?”

“गाडीत.”

“इथं आणलास?”

“तुम्हाला दाखवायला. बघितल्याशिवाय कसं सांगाल, कुठलं मशीन…”

“मला दाखवायला आणलास, की घरातून बाहेर काढलास?”

शाल्मली उठली. “दाखवते ना!” म्हणाली आणि तरातरा गाडीकडे गेली.

मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला पाळणा होता. बुवाही उतरून आले. दोघांनी दोन बाजूंनी धरून तो ओसरीवर आणला. ओसरीच्या तुळईला कधीकाळच्या झोपाळ्याच्या कड्या होत्या. बुवांनी पाळण्याच्या साखळ्या त्यांत अडकवल्या. शाल्मलीनं चादर ओढून घेतली.

पाळणा देखणा होता. दांड्या एकसारख्या, सांधे घट्ट. पण अंगावर करवतीचे ओरखडे होते, कडा खरखरीत होत्या. न्हाऊ न घातलेल्या मुलासारखा दिसत होता.

बुवा त्याच्याभोवती फिरले. वाकून खालून बघितलं.

“सुरेख झालाय की.”

“घासल्यावर होईल.”

“जड आहे?”

“नाही. तोल नीट साधलाय मी. एका बोटानं हलतो.”

“असं?”

बुवांनी कठड्याकडे हात नेला.

शाल्मलीनं झटकन त्यांचं मनगट धरलं.

“हात चिकट आहेत तुमचे,” ती म्हणाली. “चिंचेचे. डाग पडतील.”

“खरंच की.”

त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. उपरण्याला सावकाश पुसले. बोटं, तळवे, पुन्हा बोटं. आणि कोरडा हात पुन्हा पाळण्याकडे नेला.

“नको!”

तिचा आवाज नदीपर्यंत गेला असेल.

“नको, बुवा… रिकामा पाळणा हलवू नये.”

वाक्य तिच्या तोंडून आलं, पण स्वर तिच्या आईचा होता. तो स्वर तिनं ओळखला.

बुवांचा हात तसाच अधांतरी होता.

“सागवान आहे ना ते?”

“तुम्हाला गंमत वाटतेय?” तिचे डोळे पेटले, आणि भरलेही. “माझी बहीण तिथं पडलीय आणि तुम्ही माझी परीक्षा घेताय? हो, वाटते मला भीती! मला माहितेय की लाकडाला काही कळत नाही. मला माहितेय की बीपी पाळण्यानं वाढत नाही. सगळं माहितेय! तरी रात्रंदिवस एकच डोक्यात. मी केला नसता तर. ऐकलं असतं तर. निदान… निदान पुरा तरी केलेला नाही…”

ती थांबली.

आपण आत्ता काय बोललो, ते तिला ऐकू आलं.

निदान पुरा केलेला नाही.

संक्रांतीपासून बघितलेले ते सगळे व्हिडिओ तिच्या डोळ्यांपुढून गेले. पट्ट्याचं, गोल, चौकोनी, टोकाचं. प्रत्येकात काहीतरी खोट होतीच. तिनं शोधून शोधून काढली होती.

“मी तुझी परीक्षा घेत नव्हतो,” बुवा म्हणाले. त्यांनी हात मागे घेतला होता. “मलाही भीती वाटली. त्याला बघितल्याबरोबर वाटली. ती जावी म्हणून हात पुढं केला.”

तिनं त्यांच्याकडे बघितलं. आपल्या घरात कुणी मोठ्या माणसानं असं सरळ सांगितल्याचं तिला आठवेना.

मोबाईल वाजला.

तो पेटीवर राहिला होता, पालथा. लाकडावर थरथरत, गोल फिरत कडेला आला. शाल्मलीला पाऊल उचलवेना. तो खाली पडणार तेवढ्यात बुवांनी झेलला आणि तिच्या हातात दिला.

“आई…”

“अगं, आत घेतलंय तिला. आत्ताच.” आईचा आवाज दम लागल्यासारखा येत होता. “थांबता येत नाही म्हणाले.”

“ताई कशी आहे?”

“हसली माझ्याकडे बघून, जाताना. मेली हसते कशाला तेच कळत नाही… तू कुठं आहेस?”

“बुवांकडे.”

“बरं.” मग बराच वेळ नुसता दवाखान्याचा आवाज. कुणाचं तरी नाव पुकारलं. ढकलगाडीची चाकं वाजली. “शाल्मली…”

“काय?”

“तुझा तो पाळणा… झाला का गं?”

शाल्मलीनं तुळईला टांगलेल्या पाळण्याकडे बघितलं. त्याच्यावर नजर ठरेना.

“आई, तूच म्हणाली होतीस ना, की आधी…”

“म्हणाले होते. म्हणाले होते मी. आधी काचेच्या पेटीत ठेवतील म्हणे, लहान आहे म्हणून. पण घरी आल्यावर लागेल ना? लागेलच ना गं?”

“लागेल, आई.”

“मग पुरा कर बाई. मला इथं बसून दुसरं काही सुचत नाही. तो पुरा कर तू.”

फोन बंद झाला.

शाल्मलीनं नाक बाहीला पुसलं. चादर घडी न करताच कोपऱ्यात फेकली.

“बुवा, मी जाते. साताऱ्यात दुकान उघडं असेल अजून. मशीन घेते.”

“कुठलं?”

“कुठलंही!” ती जवळजवळ ओरडलीच. “समोर असेल ते. दांड्यांच्या मधे हातानं घासेन, फळ्यांवर मशीन चालवेन. तुम्ही सुद्धा ना! इतका वेळ मी बडबडतेय, एक अक्षर सांगितलं नाहीत. जवळपास कुणाकडे तरी असेल का मशीन, एवढं तरी माहितेय?”

“आहे.”

“कुणाकडे?”

“तू बसली होतीस त्याच्यावर.”

शाल्मलीनं मागे वळून बघितलं.

बुवांनी पेटीचं झाकण उचललं. आत फडक्यात गुंडाळलेलं मशीन होतं. गोल बुडाचं, मागे धुळीची पिशवी लटकलेली. बाजूला काचपेपरच्या चकत्या, जाड आणि बारीक. दोन पावसाळ्यांपूर्वी पुण्याचे कुणी गृहस्थ मठाची बाकं करायला आले होते, जाताना ते ठेवून गेले होते.

ती बघतच राहिली.

“हे… हे इथंच होतं? मग बोलला का नाहीत?”

“कुठलं घेऊ, असं विचारत होतीस. आहे का, हे आत्ता विचारलंस.”

एरवी ती यावर तासभर भांडली असती. आत्ता तिनं मशीन उचललं, हातात तोललं, बुडाला जाड चकती बसवली. ओसरीच्या खांबावर प्लग होता. वायर पुरली. बुवांनी पाळणा साखळ्यांवरून उतरवला, घोंगडीवर ठेवला आणि पलीकडून घट्ट धरून बसले. शाल्मली गुडघ्यांवर टेकली. बटण दाबलं.

मशीन गुरगुरलं. पहिल्यांदा तिनं फार दाबलं आणि फळीवर वेटोळं उमटलं. मग तिनं हात सैल सोडला. मशीनच्याच वजनावर ते चालू दिलं. वेटोळं पुसट झालं. करवतीचा एक ओरखडा गेला. मग दुसरा. सागाचा गोडसर, तेलकट वास उठला आणि चिंचेचा वास त्यात बुडाला. उडणाऱ्या भुशानं बुवांच्या भुवया पिवळ्या झाल्या.

मोबाईल पेटीवर होता. सुलटा. काळा.

एक बाजू झाली. दुसरी अर्ध्यावर आली. मोबाईल अजून काळाच.

हात चालू होते तिचे. पण आतलं काही थांबेना. मशीन चालू असतानाच, मान खाली घालून, तिनं विचारलं,

“बुवा… आणि पाळणा रिकामाच राहिला तर?”

बुवांनी कानामागे हात नेला.

“ऐकू येत नाही, पोरी. विचारायचंच असेल, तर मशीन बंद कर.”