अर्धवट कोर्स

मिरजेच्या दवाखान्यांतून औषधं खपवत स्कूटरवर हिंडायची ती रेश्मा तांबोळी. नोकरी कंत्राटी, वर्षभराची. कायमच्या लोकांना रजा आणि बोनस, हिच्या वाट्याला नुसतं ऊन. तरी सहा महिन्यांत तिनं टायफॉइडच्या गोळीचा खप असा चढवला, की कंपनीचे मोठे साहेब पुण्याहून स्वतः आले आणि डॉक्टरांना दिलेल्या जेवणात सगळ्यांदेखत म्हणाले, "रेश्माबाई, काम झालं तुमचं. आता हा भाग आमची कायमची माणसं सांभाळतील. उद्यापासून येऊ नका."

रेश्मानं घास ताटात ठेवला आणि ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "जाते साहेब. एवढंच सांगा, आपली गोळी घेऊन दोन दिवसांत ताप उतरला, तर उरलेल्या गोळ्या टाकून द्यायच्या का?"

साहेब छाती फुगवून म्हणाले, "छे, छे. कोर्स पुरा करायचाच. अर्धवट सोडला की दुखणं दुप्पट जोरानं उलटतं."

"मग माझाही कोर्स अर्धाच झालाय की."

डॉक्टर मंडळी खो खो हसली. साहेब घटाघटा पाणी प्यायले आणि वर्ष पुरं करा म्हणाले.

"आणि वर्ष संपल्यावर गं?" शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

"मग मी मोकळी," रेश्मा म्हणाली. "ताप काय, दुसऱ्या कंपनीच्या गोळीनंही उतरतोच."