ओल्या कपाटातले वाडगे

सावंतवाडीच्या चितारआळीत दिगंबर चितारी नावाचा एक कारागीर राहत होता, आणि आपली गोष्ट सुरू होते तेव्हा तो पार थकलेला होता. लाकडी फळं करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चरकावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, लाकूड गरगर फिरायचं, त्यावर तो लाखेची रंगीत कांडी टेकवायचा, घासून घासून तापलेली लाख लाकडाला चिकटायची. वरून केवड्याचं पान फिरवलं की आंबा असा चकाकायचा की पाहुण्यांची लहान पोरं तो थेट तोंडात घालायची. उभा जन्म त्यानं हेच केलं होतं.

त्याला एकच मुलगा, शैलेश. पोरगा वाईट नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. पण एक दिवस जेवताना त्यानं मान खाली घालूनच सांगून टाकलं, "बाबा, माका ह्यात गोडी नाय. मी गोव्याक हॉटेलात कामाक लागतंय."

दिगंबरचा घास हातातच राहिला. आपल्यामागे हा चरक कोण फिरवणार, या विचारानं त्याची झोप उडाली.

नेमकं त्याच सुमाराला कारागिरांच्या एका संस्थेनं जपानला निघालेल्या तुकडीत त्याचं नाव घातलं. तिथल्या गावागावांतल्या जुन्या कला बघायच्या आणि परत यायचं, एवढंच काम. दिगंबर मुलाला म्हणाला, "मी येयसर थांब. त्यांची पोरां बापाच्या धंद्यात कशी टिकतत, ता बघून येतंय. नाय पटला तर जा खुशाल."

"बरा," शैलेश म्हणाला. म्हणजे सगळं आता दिगंबर काय घेऊन येतो यावर होतं.

आता जपान म्हणजे काही चितारआळीतलं पलीकडचं घर नव्हे. एवढ्या लांब आलोच आहोत तर सगळंच बघून घेऊ, असं तुकडीतल्या मंडळींनी ठरवलं आणि पळापळ सुरू झाली. सकाळी कुंभारांचं गाव, दुपारी हातकागद करणाऱ्यांचं. दुसऱ्या दिवशी निळीत कापड बुडवणारे, मग बाहुल्या करणारे, मग पंखे करणारे. प्रत्येक ठिकाणी चपला काढायच्या, वाकून नमस्कार करायचा, कडवट हिरवा चहा प्यायचा, फोटो काढायचे, चपला घालायच्या आणि बसकडे धावायचं. फोटो इतके झाले की कुठला कोणत्या गावचा हे दिगंबरला स्वतःलाच ओळखू येईना. आणि ज्या प्रश्नासाठी तो आला होता, तो विचारायला कुठेच सवड मिळाली नव्हती. त्याचे पाय भरून आले होते आणि डोळे चुरचुरत होते. घरी जाऊन पडावं, एवढंच त्याला वाटत होतं.

अशा अवस्थेत तो डोंगरातल्या एका गावी पोचला. तिथे प्रत्येकाला एकेका कारागिराच्या घरी एका रात्रीपुरतं उतरवलं होतं. दिगंबरच्या वाट्याला आले गेन्झो नावाचे एक म्हातारे आणि त्यांची नात नात्सुको. नात्सुको पुण्यात राहून मराठी शिकली होती. तिचं मराठी इतकं शुद्ध होतं की तिच्यासमोर दिगंबर आपलं बोलणं सावरून घ्यायचा.

गेन्झो लाकडी वाडग्यांना एका झाडाच्या चिकाचा लेप देत. लेपावर लेप, लेपावर लेप, शेवटी वाडगा पाण्यानं भरलेल्या विहिरीसारखा काळा आणि खोल दिसे. गावच्या देवळाचा उत्सव तोंडावर आला होता. त्या दिवशीच्या पंगतीसाठी वाडग्यांचा एक संच त्यांनी करायला घेतला होता आणि त्याचा शेवटचा लेप नुकताच देऊन झाला होता. म्हाताऱ्याचे हात आता थरथरत. हा संच देवळात गेला की कुंचला खाली ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

हे सगळं नात्सुकोनं संध्याकाळी दिगंबरला सांगितलं. मग ते वाडगे ज्या कपाटात ठेवले होते, त्या कपाटाबद्दल ती बराच वेळ काहीतरी समजावत होती. दिगंबर बसल्या बसल्या पेंगत होता. "हो, हो," म्हणत तो मान हलवत राहिला, आणि त्यातलं अक्षरही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

सकाळी आजोबा आणि नात भाजीच्या वाफ्यांकडे गेली होती. दिगंबरनं पिशवी भरली. जाता जाता म्हाताऱ्याचं काम पुन्हा एकदा बघावं म्हणून त्यानं कपाट उघडलं, तर आत काय, ओली फडकी टांगलेली. हात घातला तर आतली हवा दमट. कोकणातल्या माणसाला ओल काय असते हे कुणी सांगायला नको. पावसाळ्यात त्याच्या कपड्यांना बुरशी येते, चपलांना येते, देवघरातल्या तसबिरींनासुद्धा सोडत नाही. ही ओल वाडग्यांना खाणार, असं दिगंबरला वाटलं. म्हातारा फडकी काढायला विसरला असणार, आता वय झालंच की, असं म्हणत त्यानं एकेक वाडगा अलगद बाहेर काढला आणि अंगणात फळीवर छान उन्हात मांडून ठेवला. जाण्यापूर्वी आपल्या हातून या घरासाठी काहीतरी चांगलं झालं, याचं त्याला बरं वाटलं.

थोड्या वेळानं वाळले का ते बघायला त्यानं एका वाडग्याच्या काठाला अंगठा लावला. अंगठा चिकटला. सोडवला तर काठावर त्याचा ठसा उमटलेला. वाकून बघतो तो सगळ्याच वाडग्यांवर वाऱ्यानं उडालेली धूळ आणि कसल्या तरी बियांची उडती पिसं चिकटून बसलेली. असं का झालं ते त्याला कळेना, पण काम बिघडलं हे कारागिराला कळायला वेळ लागत नाही.

तेवढ्यात रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. दिगंबरनं घाईघाईनं वाडगे परत कपाटात सारले, दार लोटलं आणि पिशवी खांद्याला लावली. गेलं की सुटलो. ही दोघं कपाट उघडतील तोवर आपण कुठल्या कुठे पोचलेले असू. पायात चपला घालायला तो पायरीवर बसला, आणि बसला तो उठलाच नाही. खोटं वागायलाही अंगात बळ लागतं, आणि दिगंबरकडे ते उरलं नव्हतं. शिवाय एखाद्या कारागिराचं शेवटचं काम नासवून पळायचं, हे त्याच्या मनाला काही केल्या पटेना.

बस गेली. दोघं परत आल्यावर त्यानं कपाट उघडून दाखवलं आणि म्हणाला, "हे मी केलंय."

नात्सुकोनं कपाटात डोकावून पाहिलं. "काका, मी काल सांगितलं होतं ना," ती हळूच म्हणाली. "या चिकाला ऊन चालत नाही. तो ओलाव्यातच घट्ट होतो."

गेन्झोंनी एक वाडगा उचलून बराच वेळ फिरवून पाहिला. मग ते नातीशी काहीतरी बोलले.

"आजोबा विचारतात, तुम्हाला कुठे जायची घाई आहे का?"

"नाही," दिगंबर म्हणाला. "आता नाही."

"मग ते म्हणतात, लेप आधी कपाटातच घट्ट होऊ द्या. नंतर कोळशानं घासून काढावा लागेल. त्यांच्या हातांनी आता घासणं होत नाही. ते तुम्ही करायचं."

दिगंबर राहिला. नात्सुकोनं फोनवरून तसं कळवलं आणि तुकडी पुढे गेली. राहिलेली गावं, मंदिरं, ते प्रसिद्ध विणकर, सगळं त्याच्याविना झालं. तो डोंगरातल्या त्या घरात चटईवर बसून पाण्यात भिजवलेल्या कोळशानं वाडगे घासत राहिला. तो चीक आपल्या बिब्ब्याच्या जातकुळीचा. बिब्बा उततो तसे त्याचे हात उतले, सुजले, रात्रंदिवस खाजू लागले. तरी काम उरकेना. एक वाडगा त्यानं इतका दाबून घासला की खालचा लेपसुद्धा निघून आला.

गेन्झो शेजारी बसून असत. पहिले काही दिवस दिगंबरला वाटलं, म्हातारा नुसता बघतोय. मग त्याच्या ध्यानात आलं की आपला हात चुकला की म्हाताऱ्याची बोटं मांडीवर हलतात. आता कोळसा घेतील, आता घेतील असं वाटे, पण ती बोटं पुन्हा मुठीत मिटत. उत्सव जवळ येत चालला होता. दिगंबरलाच राहवेना.

"बाबा, तुम्हीच दोन हात मारा," तो म्हणाला. "माझ्यानं बिघडेल."

गेन्झो बोलले. नात्सुको मराठीत सांगू लागली, पण मध्येच थांबली आणि मग हळूहळू पुढे बोलली. "आजोबा म्हणतात, बिघडलं तर पुन्हा लेप देता येतो. माझ्या मुलाच्या हातातून मी प्रत्येक वाडगा काढून घेतला. तो बिघडवायचा, मी नीट करायचो. वाडगे फार सुरेख झाले. मुलगा शहरात गाड्या विकतो." मग तिनं स्वतःचं म्हणून जोडलं, "म्हणजे माझे बाबा."

दिगंबरचा हात थांबला. त्याला चितारआळीतला आपला चरक दिसला. शैलेशनं लाख टेकवली की दोन फेऱ्यांत आपण म्हणायचो, सरक, दे इकडे, आणि आंबा आपण पुरा करायचो. पोराच्या हातून सुरुवातीपासून शेवटापर्यंत झालेलं एकही फळ त्याला आठवेना. पोराला गोडी कशी लागावी? दिगंबरला रडू आलं नाही. सगळा प्रवास एकदम अंगावर आल्यासारखा तो फक्त फार दमला. मग त्यानं कोळसा पाण्यात बुडवला आणि पुन्हा घासायला घेतलं.

वाडगे घासून झाले. मग नवा लेप द्यायची वेळ आली, आणि या खेपेला गेन्झोंनी कुंचला नात्सुकोच्या हातात दिला. उत्सवाच्या दिवशी वाडगे पंगतीत मांडले गेले. एकदोन जरा डागाळलेले होते, तेही मांडले. गाव त्यातून पोटभर सूप प्यायलं आणि कुणाला काही खटकलं नाही.

दिगंबर घरी आला. शैलेशची पिशवी भरलेलीच होती, सोमवारी त्याला गोव्याला निघायचं होतं.

"मगे?" त्यानं विचारलं. "त्यांची पोरां कशी टिकतत?"

"नाय टिकत. त्या म्हाताऱ्याचो पोरगोपण गेलो," दिगंबर म्हणाला. खांद्यावरची पिशवी खाली ठेवून तो पुढे म्हणाला, "माझी चूक झाली. एकतरी आंबो मी तुका पुरो करूक दिलंय? जावचा तर जा. पण जाताना एक आंबो पुरो कर. मी आत येवचंय नाय."

आणि तो पडवीत जाऊन बसला. आत चरक फिरू लागला. मध्येच थांबला, पुन्हा फिरला. आवाजावरूनच दिगंबरला कळत होतं, लाख फार दाबली जातेय. तो अर्धा उठला, आणि बाकाची कड घट्ट धरून परत बसला. दुपार कलली. बायकोनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली.

अखेर शैलेश आंबा घेऊन आला आणि सवयीनं बापापुढे धरून उभा राहिला. दिगंबरनं तो फिरवून पाहिला आणि त्याच्याच हातात परत दिला.

"बरो झालो?" शैलेशनं विचारलं.

"नाय. देठाकडे लाख करपली."

"मगे तुम्ही..."

"मी कित्याक? तुझो आंबो आसा. तूच बघ काय ता."

शैलेश आंबा घेऊन आत गेला. चरक पुन्हा सुरू झाला. सोमवारी गोव्याची पहिली बस गेली, दुसरीही गेली. शैलेश सकाळपासून चरकावर होता, आणि दिगंबर पडवीतल्या बाकावर कितीतरी दिवसांनी गाढ झोपला होता.

तात्पर्य: शिकवणाऱ्यानं आपले हात आवरावेत. दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घेतलं तर वस्तू सुबक होते, पण कारागीर घडत नाही. आणि एवढी साधी गोष्ट कळायलाही कुठल्यातरी एका दारात निवांत बसावं लागतं, धावत दहा दारं बघून ती कळत नाही.