राणीने दिलेला दम

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घड्याळं नव्हती, सावलीच वेळ सांगायची. लहानांनो, नीट ऐका. आणि मागे बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

एका नगरात राजाचं अन्नछत्र होतं. कुणीही भुकेला यावा आणि पोटभर भात जेवून जावा. त्या भातासाठी साळी कांडायला राजवाड्यामागे एक लांबलचक पडवी होती. पडवीत उखळं पुरलेली होती, आणि एकेका उखळाशी दोन बायका समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली.

या बायकांपैकी काही दिवसभर कांडायच्या, काही दुपारपर्यंत. दुपार व्हायच्या बरीच आधी समोरच्या चिंचेची सावली आखडून तिच्याभोवतीच्या पाराला लागली, की मुकादम हाळी द्यायचा, "विसावा!" मग दिवसभराच्या बायका मुसळं टेकवून पारावर बसायच्या, पाणी प्यायच्या, पाय पसरायच्या. अर्ध्या दिवसाच्या बायका मात्र कांडतच राहायच्या, आता एकेकट्या.

कुणी विचारलंच तर मुकादम म्हणायचा, "अर्धा दिवस घरी बसूनच असता की! आणखी किती बसाल?"

घरी कोण किती बसतं ते त्याच्या बायकोने त्याला सांगितलं असतं. पण त्याने तिला कधी विचारलंच नाही.

अर्ध्या दिवसाच्या बायकांत एक ठकू होती. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिला दिवसभर येता येत नव्हतं. तान्हं लेकरू ती बरोबर आणायची आणि चिंचेच्या फांदीला झोळी बांधून तिच्यात निजवायची. नेमकं विसाव्याच्या वेळी ते भुकेने जागं व्हायचं. इकडे मुसळ चाललेलं, तिकडे बाळाचा टाहो. पान्ह्याने ठकूचा पदर भिजायचा, पण हात थांबवायची सोय नव्हती.

"मथुआजी, जरा झोका द्या हो," ती आपल्या जोडीदारणीला सांगायची.

मथुआजी दिवसभराची. ती पारावरून झोका द्यायची आणि म्हणायची, "देते गं माझे बाई. पण झोक्याने पोट भरतं होय?"

बाळ सुकत चाललं. ठकूचं मन थाऱ्यावर राहिना, मुसळ वेडंवाकडं पडू लागलं आणि तांदळात कणीच कणी होऊ लागली. अन्नछत्रातला भात खिमट होऊ लागला, तशी खुद्द राणी पडवीत बघायला आली.

राणी दूरदेशची, नुकतीच लग्न होऊन आलेली. आपली भाषा तिला येत होती, पण नव्या वहाणेसारखी, चालताना चावायची. तिने रडणारं बाळ पाहिलं, घामाने निथळणारी ठकू पाहिली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुकादमाला सांगितलं, "या बायांना पण दम द्या. रोज द्या."

बिचारीचं काय चुकलं सांगू? राजवाड्याचा जिना चढताना दासी तिला म्हणायची, "राणीसाहेब, जरा दम घ्या." राणीला वाटलं, जो घेतात तो दम, तर दुसऱ्याला देतात तोही दमच.

मुकादमाला मात्र हुकूम लगेच कळला. फार आवडलाही. दुसऱ्या दिवसापासून सावली पाराला लागली, की तो अर्ध्या दिवसाच्या बायकांपुढे येऊन गरजायचा, "हात आवरला तर याद राखा! एकेकीला घरी बसवीन! राणीसाहेबांचा हुकूम आहे!"

बायका हिरमुसल्या. ठकूला तर रडूच आलं. "आजी, माझ्या बाळाच्या डोक्यावरून तिने हात फिरवला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, हिला कळलं. उद्यापासून मी येत नाही. उपाशी राहिलो तरी दोघं बरोबर राहू."

"एक दिवस ये," मथुआजी म्हणाली. "राणी परत येणार आहे म्हणतात. तिच्या तोंडावर बोलू आणि मग जाऊ."

दुसऱ्या दिवशी राणी आली. हसऱ्या चेहऱ्याने तिने विचारलं, "दम मिळतो ना?"

"मिळतो तर!" मथुआजी म्हणाली. "रोज मिळतो. पोटभर."

"मग बाळ का रडतं?"

"दमाने का कुठे दूध मिळतं, राणीसाहेब?"

राणी गोंधळली. मुकादमाला वाटलं, आपली कामगिरी दाखवायची हीच वेळ. तो पुढे झाला आणि रोजच्यासारखा गरजला. झोळीतलं बाळ दचकून आणखीच रडू लागलं. राणीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हा दम नाही!" ती म्हणाली. मग तिने छातीवर हात ठेवला आणि सावकाश, खोल श्वास घेतला. "हा. हा दम."

 मग मथुआजीला हसू फुटलं आणि सगळ्याजणी डोळे पुसत पुसत हसल्या.

मुकादम ओशाळला, पण हटला नाही. "राणीसाहेब, यांचं काम अर्ध्याच दिवसाचं. त्यात थकण्यासारखं काय आहे? हे बघा!" त्याने मुसळ उचललं आणि दणादण कांडू लागला. थोड्याच वेळात चेहरा लाल झाला, धाप लागली, तो उखळाशीच मटकन बसला.

राणी जवळ आली. "तुम्हाला दम लागला. देऊ का आता दम?"

"कुठला?" मुकादमाने घाबरून विचारलं.

"तुम्ही दिलात तो, की मी सांगितला तो?"

त्याने मान खाली घातली. "तुम्ही सांगितला तो," तो म्हणाला. ठकूने स्वतः त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "जा पोरी. लेकराला घे."

ठकू जागची हलली नाही. "राणीसाहेब, आज तुम्ही आहात. तुम्ही नसाल तेव्हा?"

राणीला ते पटलं. त्याच दिवशी नगरात दवंडी पिटली: अर्ध्या दिवसाचा असो की पुऱ्या, सावली पाराला लागली की प्रत्येक हात थांबेल, तो त्याचा हक्क आहे. दवंडीत 'दम' हा शब्द मुद्दाम घातला नव्हता.

तेव्हा कुठे ठकू पारावर बसली. बाळाने पदराखाली पोटभर दूध घेतलं आणि तिथेच झोपून गेलं. हळूहळू तांदूळ पुन्हा अखंड निघू लागला. आणि त्या नगरात कुणी कुणावर ओरडलं, की लोक हसून विचारू लागले, "काय हो, हा दम राणीचा की मुकादमाचा?"

तात्पर्य: काम अर्ध्या दिवसाचं असलं, तरी थकणारा माणूस अख्खा असतो.