चिंधीची चव

एका बंदरात एक बोजड, संथ जहाज उभे असे. त्याच्यावर तोफा नव्हत्या. पाणबुड्या यायच्या, त्याच्या कुशीला लागायच्या, तेल, पाणी, बटाटे घ्यायच्या, मोडतोड नीट करून घ्यायच्या आणि पुन्हा समुद्राच्या पोटात शिरायच्या. जहाजाचे प्रमुख वृद्ध होते. सारे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य नव्याने आला होता. व्यापाऱ्याच्या घरचा, जगात फुकट काही घडत नाही, हे बाळकडू प्यालेला.

त्याला एक रीत खटकली. पुसापुशीसाठी नव्या चिंध्या हव्यात, तर पाणबुडीने आधी वापरलेल्या परत द्यायच्या, असा तात्यांचा नियम. आणि त्या मळक्या गाठोड्याशी तात्या एकटेच बसत. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा भंगारवाल्याशी संधान बांधून असणार! तो पाळतीवर राहिला.

एके दिवशी सकाळी एक पाणबुडी आली. तिचा तरुण कप्तान आपल्या पहिल्याच मोठ्या फेरीवर संध्याकाळी निघणार होता.

“काही दुरुस्ती?” तात्यांनी विचारले.

“छे! बोट ठणठणीत आहे, तात्या. बटाटे द्या. आणि या खेपेला कोंब फुटलेले नकोत हं!”

तात्या हसले आणि त्याच्या बोटीवरून आलेले चिंध्यांचे गाठोडे घेऊन आडोशाला गेले. शिष्य मागोमाग. पाहतो तो काय, तात्यांनी एक चिंधी उचलून चक्क जिभेला लावली!

“अहो तात्या!” लपल्याचे विसरून तो ओरडला.

“ये, तूही चाख. भंगाराचा भाव कळेल.”

ओशाळून त्याने चिंधी जिभेला लावली. खारट!

“पाणबुडीच्या भिंतींना आतून वाफेचे पाणी सुटते, ते अळणी,” तात्या म्हणाले. “हे बाहेरचे. कुठून तरी समुद्र आत येतो आहे आणि पोरे तो पुसताहेत.”

ते बाहेर आले. “कप्तान, बटाटे उद्या मिळतील. आज बोट इथेच राहील. आमचे मिस्त्री रिकामेच आहेत, कुठे पाझर आहे का पाहतील.”

कप्तानाचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “मागच्या नळाचा सांधा पाहा म्हणावं. बोललो नाही... फेरी दुसऱ्याला गेली असती.”

“तूच जाशील. सांधा बदलून जाशील.”

शिष्याने नंतर विचारले, “चिंधी का नाही दाखवलीत त्याला? तोंडच बंद झालं असतं.”

“म्हणूनच! पुढच्या वेळी चिंध्या धुऊन आल्या असत्या. अरे, संशय वाईट नव्हे. पण तो माणसावर नको, त्याच्या ‘ठणठणीत’वर असावा. अडचण सांगायला माणूस लाजतो, आणि लाजणाऱ्याला उघडे पाडले की तो लपवायला शिकतो. तूही माझ्यावर पाळत ठेवलीस. मी गप्प राहिलो, म्हणून तर आज जवळ येऊन चाखलीस.”



पुढे दुसरी पाणबुडी आली. “सगळं ठीक!” तिचा कप्तान वरूनच ओरडला.

“उत्तम!” शिष्याने हसून हात पुढे केला. “जुन्या चिंध्या?”