कारंज्याचा दुभाषा

भद्रसेन महाराजांना रोज सकाळी काहीतरी सुचायचं, आणि राज्याचं दुर्दैव असं, की ते अमलातही आणावं लागायचं! सध्या त्यांचं मन महालापुढच्या कारंज्यावर जडलं होतं.

कारंज्याच्या चौथऱ्यात एक डबी होती आणि डबीत नखाएवढी चिप. कुठली तोटी कधी सोडायची, ते सगळं त्या चिपमध्ये लिहिलेलं. त्यामुळे हुकूम बदलला की चौथरा फोडा, चिप काढा, नव्याने लिहा, बसवा, गिलावा करा. आठ दिवस जायचे. तोवर महाराजांना दुसरंच सुचलेलं असायचं.

हे काम म्हाताऱ्या खेमाजीचं. पण त्याची नजर गेली होती, म्हणून आता हात चालायचे ते त्याच्या मुलीचे, धुरपाचे.

"खेमाजी," महाराज म्हणाले, "त्या ठोकाठोकीने आमचं डोकं उठतं. चौथरा उद्या शेवटचाच फोडायचा. आमचे पुढचे सगळे हुकूम उद्याच आत घालून ठेव."

"पुढचे म्हणजे कोणते, महाराज?" धुरपाने विचारलं.

"ते आम्हाला अजून सुचलेले नाहीत."

दरबारात कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही.

"जमलं नाही, तर बागेतली खोली रिकामी करा," महाराजांनी पुढे जोडलं. खेमाजी चाळीस वर्षं त्या खोलीत राहत होता. तिथली भिंत न् भिंत त्याच्या हाताच्या ओळखीची होती. दुसरीकडे तो पावलागणिक ठेचकाळला असता. धुरपाला राग आला, पण तो तिने गिळला.

वर प्रधानजींनी बजावलं, "चिपमध्ये महाराजांची बिरुदावली आहे. त्यातलं अक्षर हलता कामा नये."

बिरुदावलीने चिपच्या दहा वाट्यांपैकी नऊ वाटे अडवले होते.

"ती वाचतं कोण?" धुरपाने विचारलं.

"कुणी नाही. पण असावी लागते."

धुरपा घरी येऊन विचार करत बसली. जे हुकूम अजून जन्मलेलेच नाहीत, ते आत कसे कोंबायचे? मग तिच्या लक्षात आलं, की हुकूम आत घालायचेच कशाला? हुकूम समजणारा कुणीतरी आत बसवू. एक चिमुकला दुभाषा. बाहेरून आलेला शब्द वाचायचा, तेवढं करायचं, पुढचा वाचायचा. असा दुभाषा उरलेल्या दहाव्या वाट्यातही मावत होता. दुसऱ्या दिवशी तिने तो बसवला, एक तार बाहेर काढून तिला कळफलक जोडला आणि गिलावा केला.

महाराज आले. "तीन मणांहून जड माणूस चौथऱ्याच्या पायरीवर चढला, की मधली तोटी त्याच्यावर सुटावी!"

पायरीखाली काटा होता, त्यामुळे कारंज्याला वजन आधीपासून कळत होतंच. धुरपाने कळफलकावर चार ओळी लिहिल्या. लठ्ठ प्रधानजी तपासायला ऐटीत पायरीवर चढले, आणि दाढीपासून जोड्यापर्यंत न्हाऊन निघाले.

"आता उलट. जड कोरडे, हलके ओले."

धुरपाने एक ओळ बदलली. किडकिडीत खजिनदार चढले आणि भिजले. चौथऱ्याला कुणी हात लावला नव्हता.

"महाराज, ही फसवणूक आहे," प्रधानजी उपरणं पिळत म्हणाले. "आत आपला एकही हुकूम नाही. नुसता दुभाषा आहे, आणि त्याला अवघे बारा शब्द येतात!"

महाराजांच्या भुवया वर गेल्या. खेमाजीने मुलीचा दंड घट्ट धरला.

"बारा शब्द? एवढ्यावर आमचं कारंजं चालवणार तू?"

"चालेल, महाराज," धुरपा म्हणाली. "सोड, मिट, थांब, मोज, जर, नाहीतर, असे बारा आहेत. तुमचा दरबार तर वीस वर्षं एकाच शब्दावर चाललाय. 'होय'. माझ्या कारंज्याला निदान 'नाहीतर' तरी कळतं."

मग महाराज पोट धरून हसायला लागले, ते थांबेचनात. खोली खेमाजीला तहहयात मिळाली आणि धुरपाला कारंज्याची कायमची नेमणूक.

महाराज खरंच हसताहेत अशी नीट खात्री करून घेतल्यावर दरबारही हसला.