ही पावलं कुणाची?

समुद्राला टेकलेलं एक जपानी गाव होतं. त्या गावात चिहारु नावाची एक मुलगी राहायची, आणि तिच्या जिभेवर दोनच शब्द असायचे: असं का? मासे डोळे मिटत नाहीत, असं का? भात उकळला की झाकण थडथडतं, असं का? उत्तरं देता देता घरच्यांच्या नाकी नऊ यायचे. शेवटी आईने तिला टेनिस शिकायला धाडलं. दमली तर गप्प बसेल, एवढीच आशा.

गावात मातीचं एकच कोर्ट होतं आणि शिकवायला ओकुदा गुरुजी होते. त्यांचा नियम साधा. जो खेळेल, त्यानेच शेवटी रुंद ब्रश ओढून कोर्टाची माती सारखी करायची. बाकीची मुलं ब्रश घेऊन धावत सुटायची, कसंबसं उरकायची आणि घर गाठायची. चिहारुला मात्र अर्धा तास लागे. मातीवर चेंडूचे ठिपके असत, घसरलेल्या बुटांचे ओरखडे असत. ती एकेक खूण निरखायची आणि मगच पुसायची.

निघताना गुरुजी विचारायचे, "काय म्हणाली आज माती?"

"म्हणाली, उजवीकडे पळताना मी दोन पावलं जास्त टाकते."

"मग उद्या कमी टाक." गुरुजींचं शिकवणं म्हणजे एवढंच.

चिहारु मोठी झाली, देशोदेशी खेळू लागली. कोर्टाच्या मागच्या रेषेवर पाय रोवून उभं राहायचं आणि चेंडू उसळी घेतो न घेतो तोच परतवायचा, ही तिची खासियत. भल्याभल्या धिप्पाड खेळाडूंना ती दम घेऊ देत नसे. जगातल्या पहिल्या शंभर जणींत तिचं नाव आलं, तेव्हा गावाच्या कचेरीवर तिच्या नावाचा लांबलचक फलक लटकला.

मोठ्या स्पर्धांमध्ये माती सारखी करायला माणसं असतात. पहिल्या वर्षी तिने ब्रश मागितला, तर सगळे हसले. ती ओशाळली आणि पुन्हा मागायला गेली नाही. खेळ संपला की पिशवी उचलायची आणि चालू पडायचं, हे तिच्याही अंगवळणी पडलं. "असं का?" विचारणंही हळूहळू कमी झालं. नाव झालेल्या माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटू लागते. असं का, कोण जाणे!

मग गुडघा दुखावला. सहा महिने ती घरी बसली. परतली ती हरायलाच. एक नाही, दोन नाही, सलग अकरा स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली.

तिच्या प्रशिक्षक हेलेनाबाई सांगून थकल्या. "तू मागे सरकून खेळतेस."

"छे! मी रेषेवरच असते."

बाईंनी चित्रीकरण दाखवलं. चिहारुने ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "कॅमेरा तिरका लावलाय."

बारावी स्पर्धा इटलीतल्या एका लहानशा गावात होती. चिहारुने मनाशी ठरवून टाकलं होतं. इथेही पहिल्या फेरीत हरले, तर रॅकेट कायमची ठेवून द्यायची. पण टेनिसवाचून तिला दुसरं काही येत नव्हतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी सराव संपला. पाओलो नावाचा म्हातारा माती सारखी करायला आला. त्याच्यामागे दोरीला बांधलेली एक जाड चटई फरफटत होती. हा आपला शेवटचा सराव तर नव्हे, असं चिहारुच्या मनात आलं. तिला गुरुजी आठवले.

"काका, आज मी ओढू?"

"तुम्ही खेळाडू माणसं. हे काम माझं," पाओलो कुरकुरला.

"आमच्या गावी हे खेळाडूचंच काम आहे."

म्हाताऱ्याने पुटपुटत दोरी तिच्या हातात दिली. चिहारुने खाली पाहिलं. रेषेजवळची माती गुळगुळीत होती. पावलं उमटली होती ती रेषेच्या चांगली चार हात मागे. टाचा खोल रुतलेल्या. चिहारुचं जुनं कुतूहल जागं झालं. कोण असेल ही? चेंडूला एवढी का भ्यायली असेल?

"काका, माझ्याआधी इथे कोण खेळून गेलं?"

"कुणीच नाही. पहाटे मीच सगळी माती सारखी केली होती."

चिहारुने आपलं पाऊल हळूच एका ठशात ठेवलं. ते नेमकं बसलं.

गुडघा कधीच बरा झाला होता. भीती तेवढी राहिली होती, आणि तीच तिला रोज चार हात मागे नेत होती.

दोरी हातातच होती. एक फेरी मारली असती, तर सगळं पुसलं गेलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. कॅमेराही तिरकाच राहिला असता. पण चिहारुने दोरी खाली टाकली आणि कोर्टाबाहेर बसलेल्या प्रशिक्षकबाईंना हाक मारली, "हेलेनाबाई, इकडे या. तुमचंच खरं होतं. मी कुठे उभी असते ते बघा."

हेलेनाबाईंनी बघितलं. वाकून त्यांनी पावलांपासून रेषेपर्यंतचं अंतर हाताने मोजलं. चार हात भरलं.

दुसऱ्या दिवशी चिहारु पहिला सेट हरली. पाय सवयीने मागे जात होते. दुसऱ्या सेटपासून ती दर गुणानंतर वळून आपली पावलं बघू लागली. मागे दिसली की पुढे सरकायची. दुखावलेला गुडघा आठवायचा, तरी सरकायची. पावणेतीन तासांनी तिसरा सेट संपला आणि ती जिंकली.

लोक टाळ्या वाजवत होते. चिहारु मात्र पिशवी न उचलता मागच्या रेषेकडे गेली आणि वाकून माती निरखत राहिली. पाओलो चटई घेऊन आला आणि तिच्याशेजारी थांबला.

"काय दिसतंय एवढं?" त्याने विचारलं.

"पावलं, काका. ही माझी आहेत."

पाओलोने या वेळी न कुरकुरता दोरी तिच्या हातात दिली.

तात्पर्य: स्वतःची चूक दिसली की ती पुसायची घाई करू नये, आधी तिच्यात आपलं पाऊल ठेवून बघावं.